घाटावरचा माड

रत्नागिरी आणि सांगली जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्ही 17 अंश उत्तरेच्या आसपास. मधे सह्याद्री उभा आहे. त्याच्या एका अंगाला वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, दुसऱ्या अंगाला 600 च्या आगेमागे. रत्नागिरीकडे खाडीकाठाने माडांच्या रांगा लागतात. सांगलीकडे माड दिसतो तो विहिरीच्या कडेला किंवा जुन्या वाड्याच्या परसात, एकटादुकटा. माड समुद्राकाठीच होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते खरं का, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण घाटावर माड लावणारा माणूस पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा निर्णय घेत असतो.

या प्रश्नाच्या दोन बाजू मी दोन व्याह्यांच्या तोंडी देतो आहे. भाऊंची गुहागरला नारळ-सुपारीची वाडी आहे. अण्णा वाळवा तालुक्यातले ऊसवाले. अण्णांना ऊस थोडा कमी करून माड लावायचा आहे आणि भाऊंचा त्याला विरोध आहे.

अण्णा : भाऊ, आमच्या विहिरीवर वडिलांनी लावलेला माड आहे. त्याला कधी कुणी खत घातलं नाही. तरी घरच्या देवाला आणि स्वयंपाकाला पुरून उरतील इतके नारळ देतो. एक माड येतो, तर शंभर का येणार नाहीत?

भाऊ : लावलेत तर येतील. पण झाड जगणं वेगळं आणि त्यानं फळ धरणं वेगळं. तुमच्या विहिरीवरच्या माडाला बारा महिने पाझर मिळतो. शेजारी चिंच आहे, आंबा आहे, ते वारा अडवतात. तोच माड उघड्या रानात नेऊन लावा, मग बोलू. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, खारा वारा लागल्याशिवाय माड धरत नाही.

अण्णा : मग तिपटूरचं काय करायचं? कर्नाटकातलं तिपटूर आणि शेजारचं अरसीकेरे, दोन्ही समुद्रसपाटीपासून 800 मीटरच्या वर आहेत. पाऊस आमच्याएवढाच, 600-700 मिलिमीटर. समुद्र दीडशे किलोमीटरहून लांब. आणि तालुकेच्या तालुके माडांनी भरलेत. आपल्याकडे लग्नाकार्याला खोबऱ्याचे गोटे लागतात ना, त्यातले कितीतरी तिथले. पुण्याच्या मार्केट यार्डात जाऊन बघा, पालकोल नारळ आंध्रातून येतो, मद्रास नारळ तमिळनाडूतून. महाराष्ट्र स्वतःच्या देवापुढे परराज्यातला नारळ फोडतो.

भाऊ : तिपटूर मी मान्य करतो. पण तिथल्या पावसाचं गणित पुरतं सांगा. तिपटूरला मे महिन्यात वळीव बरा पडतो, मग मोसमी पाऊस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परत जोर. उंचीमुळे एप्रिल-मेचा पारा 36 च्या आसपास थांबतो. पोल्लाचीचं उदाहरणही पुष्कळ लोक देतात. पोल्लाची सह्याद्रीच्या पूर्वेला आहे खरी, पण तिच्यासमोर पालघाटची खिंड आहे, सुमारे 30 किलोमीटर रुंद. डोंगराच्या भिंतीला तेवढं एक दार आहे, आणि त्यातून केरळची दमट हवा थेट आत येते. तुमच्या वाळव्यासमोर असं दार कुठे आहे?

भाऊंनी इथे नेमकी गोष्ट सांगितली आहे. समुद्र माडाला काय देतो, हे नीट मांडल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. माडाला सरासरी 27 अंश तापमान मानवतं आणि दिवस-रात्रीत 5 ते 7 अंशांपेक्षा जास्त फरक पडलेला आवडत नाही. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, म्हणून किनाऱ्यावर हा फरक आपोआप आवाक्यात राहतो. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर राहतो. ऊन भरपूर मिळतं. वर्षाला सुमारे 2000 तास स्वच्छ ऊन माडाला लागतंच, म्हणून तो कुणाच्या सावलीत वाढला तर उंच होतो पण धरत नाही. शिवाय पुळणीच्या वाळूत थोडं खणलं की पाणी लागतं, आणि ते भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत असतं. या सगळ्या गोष्टी एकाच जागी आयत्या मिळतात ती जागा म्हणजे समुद्रकिनारा. नारळ तरंगतो, महिनोन्‌महिने समुद्रात राहूनही रुजतो, म्हणून तो तिथे सर्वांत आधी पोचला. पण त्या गोष्टी दुसरीकडे मिळाल्या तर माड समुद्रावाचून अडून बसत नाही. विषुववृत्ताच्या जवळ तो 1000 मीटरपर्यंतही चढतो. जसजसं उत्तरेला यावं तसतशी ही उंची कमी होत जाते, कारण उत्तरेला आणि उंचावर, दोन्हीकडे थंडी आहे.

अण्णा : थंडीची भीती आम्हाला नाही. जानेवारीत पहाटे 14-15 असतं. एखाद्या लाटेत 10 वर येतं, पण दोन-चार दिवस.

भाऊ : दोन-चार दिवसांनी मोठा माड मरणार नाही, हे खरं. पण माडाची एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. आंब्याचा शेंडा गेला तर बगलेतून दुसरा फुटतो. माडाला शेंड्यातला एकच कोंब. तो गेला की साठ फुटी झाड उभं असूनही संपलं. 20 अंशांच्या खाली त्या कोंबाची वाढ मंदावते, आणि पारा 7-8 वर आला तर कोवळी पानं करपतात. दव गोठलं तर रोप हातचं गेलंच. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा कधी 5 च्याही खाली जातो. तिथे कुणी मला विचारलं तर मी हात जोडून सांगेन, द्राक्षंच लावा.

अण्णा : पण आसाम 26 अंशांवर आहे. तिथे घराघरापुढे माड आहे.

भाऊ : आहे, आणि तो हिवाळ्यात धरत नाही. तिथे पाणी आहे, माती आहे, दमटपणा तर विचारूच नका. पण थंडीत पोय, म्हणजे फुलोऱ्याचं वेष्टण, उशिरा उघडते, उघडली तरी फळं कमी टिकतात. झाड बारा महिने उभं, आणि काम मात्र वर्षातले काही महिने. परसात तेवढं पुरतं. शेतात पुरतं का?

थंडीच्या बाबतीत भाऊंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पाणी आणता येतं, माती बदलता येते, खत घालता येतं. थंडी मात्र कुणालाही थांबवता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात माडाची खरी सीमा शोधायची तर आधी हिवाळ्यातल्या किमान तापमानाच्या नोंदी बघाव्यात, पावसाच्या नंतर. त्या हिशेबाने कृष्णाकाठ, म्हणजे कराडच्या खाली सांगली-कोल्हापूरचा सखल भाग, सीमेच्या आत येतो. निफाड येत नाही. महाबळेश्वरला पाऊस धो धो आहे, समुद्र फार दूर नाही, तरी तेही येत नाही.

अण्णा : म्हणजे आमच्या भागाला तुमची हरकत थंडीची नाही. मग कशाची?

भाऊ : एप्रिलची. तुमच्याकडे दुपारी 38-39, कधी 40. आणि कोरडा वारा.

भाऊंनी मग अण्णांना आपल्या वाडीतल्या एका बुटक्या माडापाशी नेलं. नुकतीच उघडलेली पोय डोळ्यांसमोर येईल इतकंच ते झाड उंच होतं. लाकडी होडीच्या आकाराची पोय उभी फाटलेली, आतून पिवळसर फुलोरा बाहेर पडलेला. प्रत्येक काडीवर तांदळाएवढी नरफुलं शेकड्यांनी, आणि काडीच्या बुडाशी एखाद-दुसरं गोल, फिकट हिरवं मादीफूल. नारळ होतो तो या बुडाच्या गोळ्याचा. भाऊंनी खालच्या, जुन्या फुलोऱ्यावरचे दोन गोळे बोटानं नुसते टेकवले. ते देठाशी काळे पडलेले होते, लगेच सुटून आले.

भाऊ : हे आमच्याकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चांगल्या माडावरसुद्धा निम्म्याहून जास्त फळं अशीच गळतात, ते नैसर्गिक आहे. पण हवा 40 ची आणि कोरडी असली की मादीफुलाच्या तोंडावरचा ओलावा सुकतो, पराग रुजत नाही. मग सगळीच गळतात. झाडाखाली पाणी कितीही असो, वरची हवा तुम्ही कशी ओली करणार?

अण्णा : अगदी सगळी नाही, पण काही करता येते. उसाच्या रानातली हवा आणि माळावरची हवा यात फरक असतो, हे उन्हाळ्यात दारं धरायला गेलेल्या कुणालाही विचारा. माडाच्या चारी अंगाला ऊस, केळी, पश्चिमेला दाट झाडांची ओळ. तिपटूरवाले माडांमध्ये केळी, सुपारी घेतात, ते काय उगाच?

भाऊ : हे मात्र मला पटतं. आमच्याकडेही माडाखाली सुपारी, त्याखाली जायफळ, मिरी. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं लाखी बाग म्हणून जी पद्धत सांगितली ती हीच. उत्पन्नासाठी सांगितली, पण बाग गार राहते ती तिच्यामुळेच.

त्याच वाडीत भाऊंनी आणखी एक खोड दाखवलं. बुंध्यापासून वर हात फिरवत नेला तर पुरुषभर उंचीच्या पुढे खोड एकदम बारीक होतं, हातभर तसंच जातं आणि पुन्हा भरतं. आंबा-फणसाचं खोड दरवर्षी जाड होतं. माडाचं होत नाही. ज्या वर्षी खोडाचा जो भाग तयार झाला, त्याची जाडी तीच कायमची. तो बारीक हातभर भाग म्हणजे त्या माडानं काढलेले तहानेचे दिवस.

भाऊ : ही वाडी तेव्हा दुसऱ्याकडे होती, शिंपणं बंद पडलं होतं. आता तुम्ही म्हणाल, नंतर पाणी दिलं की झालं. होत नाही, अण्णा. आज जी पोय उघडली, तिचा अंकुर कोंबात उमटला तो जवळजवळ तीन वर्षांपूर्वी. पोय उघडल्यावर नारळ पिकायला आणखी 11-12 महिने. म्हणजे एका नारळाची गोष्ट सुमारे पावणेचार वर्षांची. या सगळ्या काळात केव्हाही पाणी तुटलं, तर कुठे अंकुरच मरतो, कुठे मादीफुलं कमी येतात, कुठे फळ लहान राहतं. उन्हाळा यंदाचा आणि मार तीन वर्षांनी. शेतकरी त्या वर्षी खत वाढवतो, फवारण्या करतो, आणि कारण मागे कधीच घडून गेलेलं असतं.

अण्णा : पाण्याचा हिशेब मी केलाय. साडेसात मीटर अंतराने एकरी 70 झाडं. केरळातल्या कासरगोडच्या संशोधन संस्थेची शिफारस आहे, आळ्यात दर चार दिवसांनी 200 लिटर. म्हणजे झाडामागे रोज 50. ते किनाऱ्यासाठी, आमची हवा कोरडी, म्हणून दुप्पट धरा. एकरी रोज 7000 लिटर. उसाला उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं, ते एकरी 20 हजार लिटरच्या वर जातं. तिसरा हिस्सा पाणी, भाऊ! पाणी वाचवण्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

भाऊ : हिशेब बरोबर आहे. फक्त एक विसरलात. धरणात पाणी कमी असलं तर तुम्ही त्या वर्षी उसाची लागण करत नाही, खोडवा मोडता. माडाला यंदा थांब म्हणता येतं का? तिपटूर-अरसीकेरेला मागच्या दशकात लागोपाठ दुष्काळ पडले. कूपनलिका आटल्या आणि उभे माड शेंड्यापासून वाळले. पंचवीस-तीस वर्षांची, ऐन भरातली झाडं. तुमच्या तिपटूरचीच दुसरी बाजू ही.

अण्णांकडे याला लगेच उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं, घाटावर माड लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने याच मुद्द्याशी सर्वांत जास्त वेळ थांबायला हवं. माडाला पाणी थोडं लागतं. पण ते न चुकता लागतं. ज्याची विहीर एप्रिल-मेमध्ये तळ गाठते, त्याने सरासरी पावसाचे आकडे बघून हा धोका पत्करू नये. कृष्णेच्या बारमाही उपशावर असलेल्या रानाची गोष्ट निराळी. आटपाडी-जतच्या माळावर टँकर बघितलेल्या गावात रांगांनी माड लावायला कुणी सांगत असेल, तर ते मला अन्यायाचं वाटतं.

अण्णा : बरं, आता तुमच्या कोकणाबद्दल बोलू. माडाला पाऊस लागतो 1300 ते 2300 मिलिमीटर, तोही वर्षभर विभागून. तुमच्याकडे तीन हजारांच्या वर, आणि सगळा चार महिन्यांत. ऑक्टोबरनंतर मेपर्यंत थेंब नाही. वर कातळ, जांभा. डोंगराच्या बाजूला लावलेले माड बघितले मी, पिवळे, बारीक घडांचे. तुम्हीही दिवाळीनंतर शिंपणं सुरू करताच की. मग तुमच्या आणि माझ्या माडात फरक काय?

भाऊ : खरं आहे. माडाचं खरं माहेर म्हणावं तर केरळ; तिथे पाऊस दोन मोसमांत विभागून येतो. आमच्या वाड्यासुद्धा सगळीकडे नाहीत. पुळणीला, खाडीच्या गाळाला, व्हाळाच्या कडेला, म्हणजे जिथे खाली पाणी आहे तिथेच त्या आहेत. आणि वादळं आहेतच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, तिकडे दापोलीपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. बाणवली जातीचं रोप लावून पहिली पोय दिसायला सहा-सात वर्षं लागतात. वाडी पुन्हा उभी करायची म्हणजे माणसाचं अर्धं कामाचं आयुष्य.

अण्णा : म्हणूनच म्हणतो, सगळे माड एकाच किनाऱ्यावर नकोत. आणि माझ्या मनात एक जमीन आहे. नदीकडेच्या मळीत मला ऊस ठेवायचाय. पण खालच्या अंगाला दोन एकर क्षारपड झालीय. पाणी देऊन देऊन मीठ वर आलं, आता ऊसही उगवत नाही. माड खाऱ्या पाण्याकाठी वाढतो. त्याला ती चालेल.

भाऊ : तिथेच तुम्ही फसाल, अण्णा. मीठ माडाला चालतं, इतकंच नव्हे, लागतं. आमच्याकडे आळ्यात मीठ घालायची रीत आहे, आणि मिठातल्या क्लोराइडची माडाला गरज असते, हे संशोधनातूनही ठरलंय. घाटावर ते म्युरेट ऑफ पोटॅशमधून मिळतं, वेगळं मीठ टाकू नका, तुमच्या मातीला सोडियम आणखी नको. पण खाऱ्या पाण्याकाठी आणि खाऱ्या डबक्यात, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुळणीतलं पाणी दिवसातून दोनदा हलतं. खाली उतरलं की मागोमाग वाळूत हवा शिरते. माडाला सोटमूळ नाही, बुंध्यातून दोरखंडासारखी हजारो मुळं फुटतात, आणि त्या सगळ्यांना हवा हवी. तुमच्या काळ्या जमिनीत पाणी एकदा साठलं की हलत नाही. मुळं गुदमरून कुजतील.

अण्णा : आणि निचरा केला तर? आमच्या भागात जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं सुधारलीत. चर खणून मोठ्या ओढ्याला जोडायचा.

भाऊ : मग तुम्ही ते रान बदललंत. बदललेल्या रानात लावायला माझी ना नाही.

अण्णा : आणि रोपं कुठली घेऊ? शहाळ्याला भाव आहे. कोल्हापूर-पुणे रस्त्यावर रोज शेकडो शहाळी जातात. ठेंगू जात तीन-चार वर्षांत धरते.

भाऊ : ठेंगू जाती पाण्याला आणि उन्हाला नाजूक. तुमच्या एप्रिलमध्ये त्या आधी मान टाकतील. संकरित जाती, उंच-ठेंगू संकराच्या टी बाय डी वगैरे, लवकर धरतात पण खाणं-पिणं भरपूर मागतात. मी म्हणेन निम्म्याहून जास्त बाणवली किंवा प्रताप घ्या. भाट्याचं केंद्र 1955 पासून हेच काम करतंय, तिथे आधी नोंदणी करा. वाटेत गाडीवर विकतात ती रोपं घेऊ नका. सहा-सात वर्षांनी कळतं की रोप चुकीचं होतं, तोवर उशीर झालेला असतो. पहिले दोन उन्हाळे रोपांना झावळ्यांची सावली करा. आणि दोन एकर एकदम नको.

अण्णा : किती लावू?

भाऊ : मळीच्या बांधावर, पाटाच्या कडेला, आधी वीस. तिथे पाणी फिरतं आहे आणि शेजारी ऊस आहे. क्षारपडीत या सप्टेंबरला, पाऊस चांगला झाल्यावर, मीटरभर खोल खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी उभं असलं तर तिथे आधी चर, मग माड.

अण्णा : तिथे पाणी असणारच, मला आजच माहीत आहे. चराचं काम उन्हाळ्यातच काढतो. बांधावरची वीस मात्र या जूनला लावतो, आणि तिपटूरहूनही थोडी रोपं आणतो. त्यांची झाडं आमच्यासारख्याच कोरड्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलीत.

भाऊ : तिपटूरची आणा, बाणवलीशेजारी लावा. दोन्हींचा एप्रिलमधला फुलोरा मला बघायचाय. पण अण्णा, वीस झाडांवर सलग तीन उन्हाळे फळ टिकल्याशिवाय एकविसावं लावायचं नाही, एवढं कबूल करा.

अण्णा : तीन नाही, दोन. माझं वय बघा.